सात हजार टँकर आणि एक हंडा

आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या शीटमध्ये एक चौकट आहे. तिच्यात दोनचा आकडा आहे. तो काढून तिथं एक टाकायचा, एवढंच काम. त्याला एक बोट पुरतं, आणि मी तसाही एकाच बोटानं टाईप करतो. पण वर्ष होत आलं, ते माझ्या हातून होत नव्हतं.

ती चौकट आमच्या घराची. दोन म्हणजे मी आणि सुमन. सुमन माझी बायको. ती गेली. शीटमध्ये राहिली.

आमची कॉलनी बायपासच्या पलीकडं. शहर वाढत वाढत इथवर आलं, नळ काही आला नाय. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा माणशी एक हंडा पिण्याचं पाणी, असा आमचा नियम. कुणाच्या घरात किती माणसं आणि कुणाला किती हंडे, ती शीट मी सांभाळतो; बाकीच्यांच्या मोबाईलवरबी ती उघडते. कॉलनीचे सेक्रेटरी कुलकर्णीसाहेब बँकेतून रिटायर झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ. जिन्यात भेटले की चपलेकडं बघत विचारायचे, "मामा, तेवढं... जमलं का?"

"करतो," म्हणायचो मी, आणि जिना चढायचो.

अशात या अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला. टँकरच्या धंद्यातले अनुभव लिहा म्हणाल्या, दुष्काळावर. म्हणलं, बाई, दुष्काळावर लिहायला शिकलेली माणसं लई आहेत. मी चौथी पास. मी कॉम्प्युटर कसा शिकलो ते लिहितो. त्या हसल्या. हसू द्या. त्या शिकण्यापायी या शहरात काय काय झालं ते ऐकलं तर अजून हसतील.

दौलताबादच्या रस्त्याला भाऊसाहेबांचा पाण्याचा पॉईंट होता. पॉईंट म्हणजे एक मोठी विहीर, तिच्यावर मोटर, आणि हत्तीच्या सोंडेसारखा लोंबणारा जाड पाइप. त्याच्याखाली टँकर लागायचे. कोणता टँकर कोणत्या कॉलनीला आणि कोण आधी, हे ठरवणारा माणूस मी. सगळे मला मामा म्हणायचे. माझ्याकडं एक काळा फळा होता, खडू होता, आणि बाकी सगळं डोक्यात. ज्या वावरात मी पोरवयात ज्वारी काढायला गेलो तिथं सहा मजली इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारत पाण्यासाठी माझ्या फळ्याकडं बघत होती. एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. जिथं नळ नाय त्या कॉलनीला बिल्डर हमखास नदीचं नाव देतो. इंद्रायणी पार्क, गंगोत्री हाइट्स, नर्मदा विहार. या तिन्ही नद्या माझ्या टँकरवर वाहायच्या.

मग एक दिवस भाऊसाहेबांनी टेम्पोतून कॉम्प्युटर आणून फळ्याखाली ठेवला.

"मामा, उद्यापासून फळा बंद. कॉलन्यांचे अध्यक्ष म्हणतात, सकाळी मोबाईलवर शीट पाठवा."

म्हणलं, "भाऊ, लोकांना पाणी पाठवायचं का शीट?"

"दोन्ही. शिकत असाल तर शिका. नायतर गेटवर काठी घेऊन बसा, तिथली जागा रिकामीच हाये."

उस्मानपुऱ्यात एका क्लासला भाऊसाहेबांनी माझं नाव घातलं. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "चूक झाली तर घाबरायचं नाही. कंट्रोल आणि झेड दाबलं की मागं जाता येतं."

मी विचारलं, "किती मागं?"

"पाहिजे तितकं."

म्हणलं, "मग चौथीत शाळा सुटली तिथवर जाऊन येतो. तुम्ही थांबा, मला यायला टाइम लागंल."

पोरंपोरी हसली. सरांना राग आला. सरांना राग आला म्हणून मला आला. माझा त्यांच्यापेक्षा मोठा होता. मी चप्पल घालून बाहेर.

घरी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "फी परत देणार का?"

"नाय म्हणतात."

"मग खुर्ची कामून रिकामी ठेवायची?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या खुर्चीवर ती जाऊन बसली. सर हजेरी घ्यायचे, "दगडू!" आणि पदर सावरत सुमन म्हणायची, "हजर!" शेवटी सर्टिफिकेट मिळालं. नाव माझं. फोटो चिकटवायची जागा होती, तिथं तिनं तिचा चिकटवला. त्यामुळं आमच्या भिंतीवर आजही दगडू नावाची एक बाई कॉम्प्युटर पास आहे.

आता मला शिकवायचं काम तिचं. स्वयंपाकघरात आमची स्टीलची मांडणी होती, तिच्यावर डबे ओळीनं. सुमननं मला पाटावर बसवलं आणि उलथनं हातात घेतलं.

"ह्या उभ्या ओळी. त्यांना ए, बी, सी म्हणायचं. ह्या आडव्या. त्यांना एक, दोन, तीन. बी दोन कुठं?"

मी बोट दाखवलं. "हरभऱ्याची डाळ."

"डाळ नाय म्हणायचं. बी दोन म्हणायचं. डाळ संपून उद्या तिथं रवा आला तरी ते बी दोनच. आता ह्या शेवटच्या डब्यात मी काही भरत नाय. नुसती चिठ्ठी टाकते. त्या चिठ्ठीवर लिहिलंय, वरच्या चार डब्यांत मिळून किती हाये ते बघून सांग. ह्याला फॉर्म्युला म्हणतात."

"मग डबा रिकामाच की."

"रिकामा. पण बेरीज त्यालाच ठाऊक. घरात अशी एक बाई असती का नाय?"

बाहेरच्या माणसाला फॉर्म्युला समजवायचा तर मी आजही असाच समजवतो. जगात कुणाला दुसऱ्या तऱ्हेनं समजला असेल तर त्याचं त्यानं बघावं.

एवढ्यावर मी पॉईंटवर शीट सुरू केली. पहिल्याच आठवड्यात रफिक भरलेला टँकर घेऊन परत आला. रफिक माझा सगळ्यात जुना ड्रायव्हर, राहणार बिडकीनचा, एरवी पहाड फोडून जाईल असा माणूस.

"क्या हुआ रे?"

"मामू, उधर जाली लगी है."

"कसली जाळी?"

"शीट में देखो ना मामू. पूरा बंद बताराय. रास्ता खोदके रखे होंगे बोलके वापस आया मैं."

बघितलं तर खरंच. वेळेच्या रकान्यात त्या कॉलनीपुढं नुसती फुली-जाळी, फुली-जाळी, रस्त्यावर लोखंडी बॅरिकेड लावतात तशी. या शहरात कोणता ना कोणता रस्ता खोदलेला असतोच, तेव्हा रफिकला मी दोष देत नाय. मलाही तेच वाटलं. मी फोन करून कॉलनीवाल्यांना सांगितलं, तुमचा रस्ता बंद आहे. ते गॅलरीतून बघून म्हणाले, चालू दिसतोय. मी म्हणलं, शीटमध्ये बंद आहे. ते म्हणाले, मग असंल.

सुमन डबा घेऊन आली तेव्हा दाखवलं. तिनं डोक्याला हात लावला. "अहो, पोट मोठं झालंय अन् सदरा लहान पडलाय. आकडा मावंना म्हणून त्यानं जाळी दाखवली." रकान्याच्या कडेवर दोनदा टिचकी मारली, रकाना रुंद झाला, सकाळचे साडेआठ दिसायला लागले. तोवर दुपार झाली होती.

माझी दुसरी करामत याहून मोठी. फळ्यावर चूक झाली की पुसायचं, हे मला माहीत होतं. कॉम्प्युटरवर पुसायचं कसं ते मी कुणाला विचारलं नाय, विचारायला लाज वाटली. एक दिवस रंगांचा डबा उघडला गेला, त्यात पांढरा रंग होता. चुकलेल्या आकड्याला पांढरा लावला. गायब! म्हणलं, हे बरं झालं, चुना मारला की भिंत स्वच्छ. तेव्हापासून चूक झाली की चुना.

आणि तेव्हापासून पॉईंटवर भूत आलं. शीटच्या खाली बेरीज यायची, तिच्याप्रमाणं आम्ही टँकर भरायचो, आणि सगळे टँकर पाठवून झाले की गेटवर एक भरलेला टँकर उरायचा. कुणाचा? कुणाचाच नाय. कधी एक, कधी दोन. चारही बाजूंनी पाण्यासाठी मारामारी, आणि आमच्या गेटवर बेवारस टँकर. ड्रायव्हर त्याच्याजवळ जाईनात. एकानं कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. रफिकनं गावाकडून कुणालातरी आणून उदबत्ती फिरवली. भाऊसाहेब म्हणाले, विहिरीत पूर्वी कुणी पडलं होतं का बघा. ते पाणी परत विहिरीत सोडायची कुणाची छाती होईना, म्हणून आम्ही रस्त्याकडंच्या गुरांच्या हौदात सोडायचो. दौलताबादला जाणारी येणारी माणसंबी तिथं तोंड धुवायची, बाटल्या भरून घ्यायची. हौद त्या सालात कधी आटला नाय. लोक म्हणायचे, जागृत हौद आहे.

सुमननं एकदाच शीटकडं बघितलं. सगळ्या चौकटी एकदम पकडल्या आणि सगळ्यांना काळा रंग दिला. जुन्या भिंतीचा चुना खरवडल्यावर खालची नावं निघावीत तशा माझ्या सगळ्या चुका वर आल्या. इथं एक, तिथं दोन.

"अहो, दिसत नाय म्हणून बेरजेतून जात नसतं," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की रफिकला वाटलं भूत हिच्या अंगात आलं.

आता सात हजार टँकर.

कोणत्या कॉलनीला किती टँकर लागणार याचा सोपा हिशेब असतो. कॉलनीची मागणी किती लिटर, तिला टँकरच्या मापानं भागायचं. आमचा टँकर दहा हजार लिटरचा. ते माप मी शीटच्या वर कोपऱ्यात एका चौकटीत लिहून ठेवलं होतं. त्याच्याखालच्या चौकटीत भाऊसाहेबांचा मोबाईल नंबर. त्याच्याखाली चालू टँकर किती, तर सात. त्याच्याखाली काही नाय. पहिल्या कॉलनीपुढं फॉर्म्युला लिहिला, उत्तर बरोबर आलं. क्लासमध्ये सुमन शिकली होती की एकदा लिहिला की तो कोपऱ्याला धरून खाली ओढायचा, सगळ्या कॉलन्यांना लागतो. मी धरला आणि ओढला. फोटो काढून सगळ्या ग्रुपवर पाठवला. हातपाय धुवून चहा घेतला. मनात म्हणलं, दगडू, शिकलास बाबा.

दुसऱ्या नंबरला इंद्रायणी पार्क होतं. तिथं शून्य टँकर आले. तिसऱ्या नंबरला गंगोत्री हाइट्स. तिथं सात हजार. चौथं नर्मदा विहार, तिथं इंग्रजीत काहीतरी आलं आणि पुढं उद्गारचिन्ह. नर्मदावाल्यांनी ती नवी सरकारी योजना समजून अर्जासाठी झेरॉक्स काढून ठेवल्या, हे मला मागाहून कळलं.

चहा संपायच्या आत दौलताबादच्या बाजूनं बँड ऐकू आला. लग्नाची वरात असंल म्हणून मी बाहेर आलो. गंगोत्रीचे अध्यक्ष पुढं, गळ्यात सोन्याचा गोफ, हातात शाल अन् नारळ. मागं सगळी कॉलनी.

"मामा! तुम्ही आमचा दुष्काळ संपवला!" असं म्हणून त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. "सात हजार टँकर! आजवर एवढं मन मोठं कुणी केलं नाही!"

म्हणलं, "साहेब, काहीतरी घोटाळा..."

"नम्रपणा! ऐका, ऐका, मामांचा नम्रपणा!" टाळ्या झाल्या.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं इंद्रायणीच्या बाया आल्या. हंडा मोर्चा. रिकाम्या हंड्यांवर पळ्या-झाऱ्यांनी ठणाणा. बँडवाल्याला वाटलं नवरीकडची मंडळी आली. त्यानं सूर वाढवला. बायांना वाटलं बँड आपला आवाज दाबायला लावलाय. त्यांनी हंडे जोरात बडवले. मधी मी, गळ्यात हार.

त्यांच्या पुढारी एक आक्का होत्या. त्यांनी माझ्या नाकापुढं मोबाईल धरला. "हे शून्य कुणी टाकलं? आमी माणसं नाय का? अन् ह्यांला सात हजार? सात हजार टँकर उभे तरी कुठं करणार हो हे?"

अध्यक्ष म्हणाले, "पार्किंग आहे आमच्याकडं!"

खोटं सांगत नाय. त्या माणसाला सात हजार टँकर खरेच वाटले होते. शीटमध्ये आलं होतं ना. खडूनं फळ्यावर सात हजार लिहिलं असतं तर शेंबड्या पोरानंबी मला येड्यात काढलं असतं.

सुमन रोजच्यासारखी डबा घेऊन आली ती या दोन्ही फौजांच्या मधून. तिनं मला बघितलं, हार बघितला, आत जाऊन शीट बघितली. बाहेर येऊन आक्काला म्हणाली, "ताई, चूक आमची. शून्य तुमचं नाय. पहिला टँकर आत्ता तुमच्याकडं." मग बँडवाल्याला म्हणाली, "भाऊ, तुमी आलाच हाये तर हात रिकामे कामून? ह्यांच्या टँकरपुढं चाला."

तसंच झालं. माझ्या गळ्यातला हार टँकरच्या बॉनेटवर गेला. शाल रफिकच्या खांद्यावर गेली. नारळ चाकापुढं फुटला. पुढं बँड, मागं बाया, मधी दहा हजार लिटर पाणी, अशी वरात दौलताबादच्या रस्त्यानं इंद्रायणी पार्कला गेली. हंडे वाजतच होते, पण आता तालात.

अध्यक्ष मागं राहिले. बारीक आवाजात म्हणाले, "मामा, सात हजार नाही तर नाही. निदान पाच तरी?"

पाच हाच त्यांचा बरोबर हिशेब होता. दिले.

भाऊसाहेब धावत आले. त्यांना सांगितलं, "भाऊ, गंगोत्रीचं पाणी टँकरच्या सातनं भागलं गेलं, अन् इंद्रायणीचं तुमच्या मोबाईल नंबरनं."

"माह्या नंबरनं? तो तर मी लकी म्हणून निवडून घेतला होता!"

संध्याकाळी सुमननं मला मांडणीपुढं उभं केलं. "मापटं कुठं असतं आपलं?"

"वरच्या खिळ्याला."

"तांदूळ घेतले तरी तेच मापटं, डाळ घेतली तरी तेच. माप झालं की परत त्याच खिळ्याला. तुमी काय केलं? एक डबा खाली उतरला की मापटंबी एक घर खाली उतरवलं. डाळ दंतमंजनाच्या डबीनं मोजली. रवा हातानं. खालच्याला तर मापच नाय." मग तिनं डॉलरचं चिन्ह दाखवलं. "हा खुंटा. मापाच्या चौकटीला हा ठोकायचा. मग फॉर्म्युला कितीबी खाली उतरू द्या, माप जागचं हलत नाय. बैल हिंडतो, खुंटा हिंडत नाय."

भाऊसाहेबांनी मला काढलं नाय. एवढं म्हणाले, "मामा, शीट वहिनींनी बघितल्याशिवाय पाठवायची नाय." गेटवरची काठी अशी टळली. पुढं सगळी वर्षं रोज सकाळी सुमन माझ्या खांद्यावरून वाकून शीट बघायची, अन् "हूं" म्हणायची. ते "हूं" आलं की मी पाठवायचो.

रंगांचं राहिलं. ज्या कॉलनीला पाणी पोचलं तिची चौकट मी हिरवी करायचो. एकजण येऊन म्हणाले, हिरवाच का? बरं, भगवी केली. दुसरे आले, भगवीच का? निळी केली. तिसरे आले, आमचा रंग पाण्याच्या कामाला कुणाला विचारून लावला? आपल्या शहरात रंग फुकट मिळत नाय, त्याच्यामागं माणसं उभी असतात. सुमन भाजी निवडत होती, म्हणाली, "वांग्याचा करा." केला. वांग्याच्या रंगावर कुणी हक्क सांगायला आलं नाय. मी रिटायर होईपर्यंत अर्धं शहर माझ्या शीटमध्ये वांगी रंगाचं होतं आणि सुखी होतं.

सुमन गेली साध्या तापात. दोन दिवस अंग गरम, तिसऱ्या दिवशी दवाखाना, आणि तिथून ती परत आली नाय. यात सांगण्यासारखं काही नाय, आणि मला सांगायचंबी नाय. एक मात्र सांगतो. सगळं आटोपून माणसं गेली तेव्हा मी कॉम्प्युटर चालू केला. शीट उघडली. कंट्रोल आणि झेड दाबलं. परत दाबलं. काही हललं नाय. फाईल नव्यानं उघडलेली असली की तिला मागं जायला काही नसतं. उस्मानपुऱ्याच्या त्या सरांना भेटून सांगणार होतो, पाहिजे तितकं मागं जात नाय म्हणून. पण त्यांचा क्लास आता तिथं नाय, मोबाईलचं दुकान आहे.

टँकर आला की शीटप्रमाणं माझ्या दारात दोन हंडे यायचे. मला एक पुरतो. दुसऱ्याचं काय करायचं? त्या पाण्यानं धुणं धुवायला हात होईना. मग कॉलनीच्या गेटवर लिंबाखाली एक रांजण आणून ठेवला आणि सुमनचा हंडा त्यात ओतायला लागलो. शेजारच्या नव्या इमारतीवरचे मजूर प्यायचे, भाजीची गाडीवाली प्यायची. रफिक आता म्हातारा झालाय, तरी आमच्या कॉलनीचा टँकर तोच आणतो. दहा हजार लिटर पाणी घेऊन येतो आणि उतरून रांजणातलं पितो. म्हणलं, "तुझ्या टाकीत पाणी नाय का रे?" तर म्हणतो, "मामू, वो तो लोगां का है. ये मामी का है."

तरी पण नियम तो नियम. माणशी एक हंडा, आणि आमच्या घरात माणूस एक. दुष्काळात पाणी वाटणाऱ्यानं स्वतःच्या घराला वेगळं माप लावलं तर फळ्यावर काय अन् शीटमध्ये काय, सगळं खोटंच. हे मला कुलकर्णीसाहेबांनी सांगायची गरज नव्हती. वर्षश्राद्ध होऊ द्या, एवढंच मी मनाशी म्हणत होतो. ते झालं. त्या संध्याकाळी शीट उघडली, दोनवर बोट नेलं, आणि एक टाकला. खालची बेरीज एकनं उतरली. माझ्या डोळ्यांदेखत उतरली. मग मी जेवलो नाय, झोपलो.

सकाळी टँकर यायच्या आधी शीट बघितली. माझ्या घरापुढं एक. बरोबर. खाली बेरीज बघितली तर ती परत काल एक टाकायच्या आधी होती तिथंच. एक जास्त.

कुणाकडं बाळ झालं का? नाय. कुणाचा पाहुणा? नाय. एकेक ओळ बोटानं मोजली. सगळी घरं बरोबर, बेरीज चूक. मग मला एकदम गुरांचा हौद आठवला.

सगळ्या चौकटी पकडल्या. काळा रंग दिला. शेवटच्या घराच्या खाली एक रिकामी ओळ होती. नाव नाय, घर नंबर नाय. तिच्यात एकचा आकडा वर आला.

मी मोबाईल घेऊन खाली गेलो. टँकर लागलेला, माणसं हंडे घेऊन ओळीत. मी ओरडलो, "शीटमध्ये चुना कुणी मारला?"

कुलकर्णीसाहेब घाबरले. "मामा, मला ते रंगाचं काही येत नाही हो. आई शपथ."

ओळीतून साळवेबाई पुढं आल्या. आमच्या शेजारी, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. शीट उघडायला त्यांना सुमननंच शिकवलं होतं, त्याच मांडणीपुढं बसवून. म्हणाल्या, "मी मारला. ओरडू नका, बीपी वाढंल."

"कामून?"

"तुमी आज ना उद्या दोनचा एक करणार, मला ठाऊक होतं. काल रात्री तो झालेला बघितला, तसा खाली एक टाकला. तुमी सरळ माणूस, तुमच्या हातून दुसरं होणार नाय. मग रांजणात काय ओतलं असतं? तुमच्या वाट्याचं ओतून तुमी तहानलेले बसला असता, तेबी मला ठाऊक होतं."

"साळवेबाई, तुमी तर कावळा-बिवळा, पितर-बितर मानत नाय."

"नाय मानत. तहान मानतो आमी. अन् विचारा की सगळ्यांना. मी काही चोरून केलं नाय. तुमच्याशिवाय समद्यांना ठाऊक हाये."

मी ओळीकडं बघितलं. कुणी हंड्यात बघायला लागलं, कुणी लिंबाकडं. रफिक टँकरच्या पाइपाला नुसताच हात लावून उभा. कुलकर्णीसाहेब घसा साफ करून म्हणाले, "मीटिंगमध्ये ठराव झालाय, मामा. एकमतानं. तुम्ही त्या दिवशी आला नव्हता, म्हणजे... आम्ही तुम्हाला बोलावलं नव्हतं."

मग जे व्हायचं तेच झालं. एकजण म्हणाले, आता लपवायचं कशाला, त्या ओळीत नाव टाकू. दुसरे म्हणाले, कैलासवासी लिहा. तिसरे म्हणाले, रांजणाला ओटा बांधू, संगमरवरी पाटी लावू. ओट्याला रंग कोणता द्यायचा यावर आवाज चढायला लागले. टँकरचं पाणी वाहायला लागलं तरी कुणाचं लक्ष नाय. मी म्हणलं, "गप्प बसा सगळे. नाव नको. पाटी नको. रंग मी देतो."

तिथंच लिंबाखाली उभं राहून मोबाईलवर ती चौकट पकडली. एकाच बोटानं रंगांचा डबा उघडला आणि पांढरा दिला.

कुलकर्णीसाहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. "मामा, आता तिथं काहीच दिसत नाही."

म्हणलं, "साहेब, खाली बेरीज बघा."